राजीखुशीचा सवाल

मराठी माणूस प्रेमाच्या बाबतीत कंजूष आहे, असा एक आरोप अधूनमधून कानांवर येतो. तो मला साफ नामंजूर आहे. जो समाज गळक्या नळाच्या तक्रारअर्जाखालीसुद्धा ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ असे लिहीत आला, त्याच्याकडे प्रेमाचा तुटवडा असेलच कसा? आपल्याकडे आईची माया आहे, मित्राचा स्नेह आहे, वडीलधाऱ्यांचा लोभ आहे, आजीचा जीव आहे आणि देवाची भक्ती आहे. अडचण एवढीच, की या सगळ्या वाटपात बायकोच्या वाट्याला काही शिल्लक राहिलेले नाही. तिला आपण ‘अगं, ऐकलंस का?’ देतो. राहता राहिला ‘प्रेम’ हा शब्द. तो आपण फार पूर्वी सिनेमावाल्यांना भाड्याने दिला आणि भाडेकरू जागा सोडत नाही.

ग्रीक लोक या बाबतीत जरा नीटनेटके. घरच्यांबद्दलची माया म्हणजे स्तोर्गे, मैत्री म्हणजे फिलिया, स्त्रीपुरुषांतली ओढ म्हणजे इरॉस आणि चौथे अगापे. सी. एस. लुईस नावाच्या प्राध्यापकाने १९६० साली या चारांवर एक आख्खे पुस्तकच लिहिले. पहिली तीन आपल्याला न शिकवता येतात. चौथे अवघड. समोरचा माणूस आवडो न आवडो, गोरा असो की घोरणारा असो, त्याचे भले इच्छायचे आणि नुसते इच्छून न थांबता ते करायचे, याला अगापे म्हणतात. बायबलच्या नव्या करारात प्रेमासाठी मुख्यतः हाच शब्द आहे. मराठी बायबलात त्याला ‘प्रीती’ म्हटले आहे. प्रीती म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे बागेतले झाड आणि झाडाभोवती पळणारे जोडपे येते. पण तो दोष बायबलाचा नव्हे, आमच्या पिढीने काढलेल्या तिकिटांचा.

हा अभ्यास मी हौसेने केलेला नाही. तो दादाने करायला लावला. माझ्या पुतणीने वसईच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचे ठरवले, आणि घरात सुतक नसताना सुतक आले. दादा बँकेतून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांची कर्जे नामंजूर केल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरच एक नकाराचा शिक्का उमटला आहे. मला बोलावून तो म्हणाला, “तू लेखक आहेस, तुला बोलता येतं. त्या पाद्र्याला भेट आणि पोरीला काय भूल घातलीय ते विचार.” वहिनी आतून म्हणाली, “धर्म बदलायला लावणार का, तेही विचारा भावोजी. आणि हो, हॉलचं भाडं कोण देणार?” सनातन प्रश्नाच्या अगदी मांडीला मांडी लावून व्यवहाराचा प्रश्न बसवण्याची जी विद्या आपल्याकडच्या आयांना अवगत आहे, तिच्यामुळेच आपले संसार चालतात, असे माझे मत आहे.

वसईचे फादर म्हणजे लांब पांढरा झगा, छातीवर क्रूस आणि तोंडी ‘माय सन’, अशी माझी तयारी होती. प्रत्यक्षात अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक गृहस्थ वांग्यांच्या रोपांना पाणी घालत होते आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “चहा घेणार की ताक?” मराठी म्हणावे तर माझ्यापेक्षा स्वच्छ. (यात नवल वाटायला नको होते. २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या संमेलनाला मलाही कुणी बोलावले नव्हते.)

मी ताक घेतले आणि वहिनीच्या प्रश्नापासून सुरुवात केली. फादर म्हणाले, “धर्म बदलायची अट नाही. बिशपांची परवानगी काढावी लागते, ती मी काढीन. मुलाकडून मात्र एक वचन घेतो, की मुलं झाली तर त्यांना आपल्या श्रद्धेत वाढवण्यासाठी तो त्याच्याकडून होईल तेवढं करील.”

“आणि आमच्या मुलीकडून?”

“काही लिहून घेत नाही. त्यानं असं वचन दिलंय, हे तिला माहीत असलं पाहिजे, एवढंच.”

माहीत असणे आणि मान्य असणे, या दोहोंत एक आख्खा संसार मावतो हो! मी तसे म्हणालो. फादर हसले नाहीत. म्हणाले, “खरं आहे. तिथं त्यांनी लग्नाआधीच भांडून घ्यावं. म्हणून तर वर्ग ठेवलाय.”

या वर्गाबद्दल पुतणीकडून मला पुढे बरेच कळले. कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचे तर आधी या वर्गाला बसावे लागते. तिथे सांसारिक जोडपी येऊन बोलतात, डॉक्टर येतात, आणि मुलामुलीला समोरासमोर बसवून प्रश्न विचारतात. पगार कुणाच्या हातात राहणार? सासूसासऱ्यांना पैसे पाठवायचे तर विचारून की सांगून? अबोला धरला तर जास्तीत जास्त किती दिवस? मुले हवीत का, किती, आणि रात्री उठणार कोण? आपल्याकडे पत्रिका जमवताना छत्तीस गुणांचा हिशेब होतो, पण त्यांत ‘रात्री उठणार कोण’ हा गुण नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी शरीराबद्दल सगळे समजावून सांगितले. हे पुतणीने भर जेवणात सांगितले, तेव्हा दादाने आमटीची वाटी तोंडाला लावली आणि ती रिकामी झाली तरी खाली ठेवली नाही.

त्याचा तरी काय दोष? ‘तो’ विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही. दूरदर्शनवर कुटुंबनियोजनाची जाहिरात लागली की वडील वर्तमानपत्र उभे धरीत आणि आई गॅस बघायला जाई. शाळेत बेडकापर्यंत ठीक होते. माणसाचा धडा आला की मास्तर म्हणत, ‘हा घरी वाचून घ्या.’ घरी वडील वर्तमानपत्र उभे धरून बसलेले. अशा परिस्थितीत आमची पिढी जन्माला घालू शकली, हाच एक चमत्कार मानायला हवा.

माझी अशी समजूत होती, की ख्रिस्ती धर्माला शरीर म्हणजे पापाची वळकटी वाटते. तशी वाटणारे त्यांच्यात पुष्कळ होऊन गेले. पण मूळ पोथी तशी नाही. बायबलात ‘गीतरत्न’ नावाचे आठ अध्यायांचे एक प्रकरण आहे, आणि ते उघडउघड एका तरुणीचे आणि तरुणाचे एकमेकांसाठी झुरणे आहे. केस, मान, ओठ, सगळ्याची वर्णने आहेत, आणि दोघांपैकी बाई जास्त बोलते. धर्माच्या लोकांना हे पचायला जड गेले. त्यांनी ते ख्रिस्ताचे आणि चर्चचे प्रेम आहे, जिवाशिवाचे मीलन आहे, असे अर्थ लावले. बाराव्या शतकातल्या बर्नार्ड नावाच्या संतांनी त्यावर ८६ प्रवचने दिली आणि तरी ते तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच पोहोचले होते. आपल्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही. राधा आणि गोपींचे आपणही हेच केले. शृंगार दिसला, की त्याला अध्यात्माचा पंचा गुंडाळल्याशिवाय आपल्याला चारचौघांत नेववत नाही.

पौल हा या मंडळींतला कडक माणूस. स्वतः अविवाहित, आणि सगळे माझ्यासारखेच राहिले तर बरे, असे म्हणणारा. पण त्याच पौलाने करिंथच्या लोकांना पत्रात कळवले, की बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क आहे, तसाच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. पहिले वाक्य त्या काळी कुणीही लिहिले असते. दुसरे पहिल्या शतकात लिहायला छाती लागते. आमच्या सोसायटीत ते आज नोटीसबोर्डावर लावले तर दोन तासांत कुणीतरी काढून टाकील.

मार्टिन ल्यूथरची गोष्ट फादरांनीच सांगितली. “आमच्या बाजूचे नव्हेत, पण गोष्ट चांगली आहे,” अशी प्रस्तावना करून. काटारीना फॉन बोरा ही मठातली जोगीण १५२३ साली बाकीच्या जोगिणींबरोबर मासळीच्या व्यापाऱ्याच्या गाडीतून पळाली. पिंपांत लपून, असेही सांगतात. पळालेल्या जोगिणींची लग्ने लावून देता देता ही एकटी उरली आणि १५२५ साली ल्यूथरने तिच्याशी स्वतःच लग्न केले. त्याआधी वर्षभर त्याचे अंथरूण कुणी झटकलेसुद्धा नव्हते, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. प्रेमात पडून केलेले लग्न ते नव्हते. पुढे सहा मुले झाली, बाईने घर, शेत, दारूची भट्टी, पाहुणे सगळे चालवले, आणि युरोपभर पोपशी भांडणारा हा माणूस तिला पत्रांतून ‘मालक’ म्हणू लागला. म्हणजे इरॉस आधी आणि अगापे नंतर, असा क्रम लागतोच असे नाही. आपल्या कांदेपोह्यांच्या लग्नांना हा मोठाच आधार आहे. फक्त कांदेपोहे खाऊन झालेल्या प्रत्येक लग्नात तो नंतरचा भाग येतोच असे मात्र नाही, आणि तो न आल्याचे आपल्याकडे कळतही नाही, कारण कुणी विचारत नाही.

माझा खरा प्रश्न वेगळा होता. मी विचारले, “फादर, दोघांचं प्रेम आहे, दोघं सज्ञान आहेत. मग लग्नाआधी काही नाही, हा हट्ट कशाला? देवाला एवढी घाई-गर्दीची काळजी का?”

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. “हात जोडले की काय होतं?” म्हणाले. “तुम्ही बोलला नाहीत, तरी नमस्कार होतो. शरीर बोलतं. दोन माणसं इतकी जवळ येतात तेव्हा शरीर म्हणतं, मी पूर्ण तुझा. तोंड मात्र म्हणतं, बघू, जमलं तर दिवाळीपर्यंत. आमचं म्हणणं एवढंच, की दोघांनी एकच बोलावं.”

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांमधून याच विषयावर १२९ भाषणे दिली, ही माहितीही त्यांनी पुरवली. एका ब्रह्मचाऱ्याने शरीर आणि विवाह यांवर १२९ भाषणे द्यावीत आणि विवाहित माणसाला चाळीस वर्षांत त्यावर एक वाक्य सुचू नये, हे आमच्या वर्गाला फारसे भूषणावह नाही. तरी हा युक्तिवाद मला आवडला. पटला किती, ते सांगत नाही. पण सिनेमावाल्यांच्या प्रेमापेक्षा यात माणसाची किंमत जास्त धरली आहे, एवढे खरे. तिथे प्रेम ‘होते’, जसा पडसेखोकला होतो. इथे ते करायचे असते.

सगळेच पटले असते, तर मी लेखक कसला? १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना मनाई करणारे पत्रक काढले. त्या सुमारास आमच्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण हसत होता. ज्याला रात्री उठायचे नाही, त्याने उठणाराला संख्या सांगावी, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. फादरांनी बाजू मांडली. मी ऐकून घेतली. मध्ये ताकाचा दुसरा पेला आला.

त्याहून अवघड जागा पुढे होती. पौलाने प्रीतीबद्दल जे सुंदर प्रकरण लिहिले आहे, ते ख्रिस्ती लग्नांत हमखास वाचतात. प्रीती सगळे सोसते, अशा अर्थाचे त्यात काही आहे. ते ऐकताना मला नेहमी वाटते, की हे वाक्य जगात जास्त वेळा कुणाला ऐकवले गेले असेल? मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला की मारणाऱ्या जावयाला? ख्रिस्ती मंडळींचा घटस्फोटाचा कायदा इंग्रजांनी १८६९ साली केला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र नुसता नवऱ्याचा व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा टाकून देणे असे आणखी काही लागे. हे २००१ साली बदलले. एकशे बत्तीस वर्षे! आमच्या बाजूचा हिशेब मी इथे मांडत नाही, कारण पाने पुरायची नाहीत.

फादर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “जिवावर बेतत असेल तर वेगळं राहायची मुभा आमच्याकडे आहे. पण ती सांगायला आमच्यातले लोक उशीर करतात. हे मी पाहिलंय.” आणि मग त्यांनी ती व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट काढली. दगड घेऊन जमलेले लोक, जमिनीवर बोटाने काहीतरी लिहीत बसलेला येशू, आणि एकेक करून, वडीलधारे आधी, निघून गेलेले सगळे. मला ती ठाऊक होती. मी म्हणालो, “फादर, मला त्यात एकच कोडं आहे. बाई प्रत्यक्ष पकडली होती ना? मग तो बाप्या कुठे गेला?”

“तो?” फादर म्हणाले. “दगड घेऊन उभ्या असलेल्यांत असेल की.”

याच्यावर मी काही बोललो नाही. दोन माणसांचे पाप एकट्या बाईच्या नावावर चढवण्याची लेखनपद्धत सर्व धर्मांत सारखीच आहे. दादाच्या बँकेत तिला जॉइंट खात्यातली अफरातफर म्हटले असते.

निघताना त्यांनी जे सांगितले, ते मात्र मी घरी जसेच्या तसे नेले. मी म्हणालो होतो, “म्हणजे लग्न तुम्हीच लावणार?” तर म्हणाले, “मी लावत नाही. ती दोघं एकमेकांशी लावतात. मी फक्त साक्षीदार.” कॅथलिक शास्त्रच तसे आहे. १५६३ सालापर्यंत तर कुठल्याही झाडाखाली दोघांनी एकमेकांना राजीखुशीने शब्द दिला की लग्न झाले, पुरोहित असो वा नसो. पुढे पुरुषांची स्मरणशक्ती या बाबतीत कच्ची असते असा अनुभव आल्यामुळे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पुरोहित आणि साक्षीदार सक्तीचे केले. पण गाभा तोच राहिला. म्हणून आधी प्रश्न विचारतात : तुम्ही दोघे कुणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या खुशीने आला आहात ना? उत्तर खोटे असेल, तर बँड कितीही वाजला, जेवणावळी कितीही उठल्या, तरी लग्न झालेच नाही असे ठरू शकते.

घरी येऊन मी हे सांगितले. दादा म्हणाला, “हॉलचं भाडं?” ते निम्मे निम्मे ठरले होते. वहिनीने मात्र कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढून माझ्यापुढे ठेवले. “लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं होतं का?” म्हणाली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न विचारता. पुढची काही वर्षे ती बाई दु:खाने वेडीपिशी होऊन नातलगांकडे राहिली. वहिनीचा राग रास्त होता. प्रीतीचा एवढा मोठा कवी, आणि घरच्या माणसाला आधी सांगायचे राहून गेले! पण वहिनीने पुस्तक अर्ध्यावर उघडले होते. नवऱ्याने दुसरे घर मांडले नाही, बायकोवर सक्ती केली नाही, पत्रे लिहीत राहिला. बाई परत आली ती आपल्या पायांनी, आणि १९०० साली ख्रिस्ती झाली तीही स्वतःच्या डोक्याने विचार करून, जातीचा भेद माणसांनी केलेला आहे असे तिच्या मनाने घेतल्यावर. “मग आपली?” वहिनीने विचारले. आपली बदलणार नाही, असे पुतणीने सांगितले. मुलांचे काय, ते दोघांनी अजून भांडून संपवलेले नाही, असेही सांगितले. पुढचे वर्षभर संपेल असे दिसत नाही. त्यांचे पहिले अपत्य फार वादविवादपटू होणार.

लग्न सकाळी दहाला होते. (ख्रिस्ती विवाहाच्या १८७२ सालच्या कायद्याप्रमाणे, खास परवाना नसेल तर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्या वेळातच लग्न लावायचे. गोरज मुहूर्तवाल्यांनी हंगामाचा विचार करावा.) दादा ‘फक्त तोंड दाखवायला’ आला होता आणि शेवटच्या बाकावर बसला होता. फादरांनी खुशीचा सवाल विचारला. चर्च एकदम शांत झाले. पुतणीने इतक्या खणखणीत आवाजात ‘होय’ म्हटले, की मागच्या बाकापर्यंत गेले. दादाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “पंखे कमी आहेत इथे.”

त्या रात्री आमची ही दागिने काढून ठेवत होती. मी सहज विचारले, “काय गं, आपल्या वेळी तुला कुणी विचारलं होतं का, खुशी आहे का म्हणून?”

“विचारलं होतं की. तुमच्या आत्यांनी. पुरणपोळी येते का म्हणून.”

“तसं नव्हे. कुणी विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?”

तिने बांगड्या डब्यात ठेवल्या. “हो म्हटलं असतं. नाही म्हणता येतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं?” आणि जरा थांबून म्हणाली, “आता माहीत आहे. आता विचारून बघा.”

मी विचारले.

“उद्या सांगते,” ती म्हणाली. “दूध विरजायचं राहिलंय.”

दूध विरजायला तिला एरवी दोन मिनिटे लागतात. त्या रात्री बराच वेळ लागला.